फितूर

नलूमावशींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. चारकोपच्या आमच्या सोसायटीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि सगळे त्यावर हसत. त्याही हसत. आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. मी घरी शिकवण्या घेते, त्यामुळे दिवसातून दहा वेळा आमची गाठ पडायची. तरी मी एकदा केस कापून आले, तर माझ्याच दारात मला अडवून त्यांनी विचारलं, "कोणाकडे आलात?" मी तोंड उघडल्यावर कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "बाय गो, तू होय. माका वाटला कोण कुरिअरवाली."

त्या माणसं ओळखायच्या ती आवाजावरून, चालीवरून, नाहीतर साडीवरून. ब्लाऊज शिवण्याचा त्यांचा धंदा होता. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मावशी आधी नुसत्या "या" म्हणत आणि समोरची काही बोलेपर्यंत मशीनवरची मान वर करत नसत. एकदा बोरिवलीच्या एका हॉलमध्ये त्या भलत्याच मजल्यावरच्या लग्नाला गेल्या. नवरानवरीला आशीर्वाद दिला, मुलीच्या आईला "बारीक झालीस गो" म्हणाल्या आणि जेवून आल्या. घरी आल्यावर पुतणीचा फोन आला, मावशी का नाही आलात? ती गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. शेवटी म्हणायच्या, "पण श्रीखंड झकास होतं हां."

गिरणीतल्या कामगाराची ही मुलगी. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी पुण्याला दिली. जीभ धारदार. उशिरा येणाऱ्या दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात झापायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच घावण्यांची ताटली पाठवायच्या.

आम्ही राहायला यायच्या आधीची गोष्ट मला शेजारणीकडून कळली. मावशी आणि त्यांची वहिनी सुलभा एकदा लग्नाची खरेदी करायला बाजारात गेल्या होत्या. उन्हाने दमून दोघी एका रसवंतीत बसल्या. बाकाखाली एका तरुणाने पिशवी ठेवली होती. मावशी त्याला म्हणाल्या, "भाऊ, पिशवी सरकव जरा, पाय ठेवायला जागा नाही." तो "हां काकी" म्हणाला, पिशवी आत सरकवली, रस संपवून निघून गेला. थोड्या वेळाने मावशी हात धुवायला बाहेरच्या नळावर गेल्या आणि मागे स्फोट झाला. सुलभा जागच्या जागी गेली. आणखीही माणसं गेली. मावशींचा डावा कान कायमचा बंद झाला.

पिशवीवाल्याशी बोललेलं, जिवंत राहिलेलं माणूस एकच, नलूमावशी. पुढे तुरुंगात ओळख परेड झाली. रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून त्यांनी एकाच्या खांद्याला हात लावला. इर्शाद त्याचं नाव. तो तेव्हापासून आत होता आणि खटला उभा राहायची वाट बघत होता.

सोसायटीत या गोष्टीचा मान होता. गणपतीत बाहेरचे पाहुणे आले की कोणीतरी हळूच सांगायचं, त्या बघा, त्यांनी ओळखला. एका वर्षी स्मृतिदिनाला चॅनेलवाल्यांनी त्यांच्यासमोर माइक धरला, तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. अशांना वकील कशाला आणि कोर्ट कशाला? भर चौकात उभे करा." ते फोनवर सगळीकडे फिरलं. माझ्याही फोनवर आलं होतं आणि मी पुढे पाठवलं होतं.

एकीकडे श्रीखंडाची गोष्ट, दुसरीकडे ही साक्ष. दोन्ही एकाच बाईच्या आहेत आणि एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात, असं आमच्यातल्या कोणाच्या मनात आलं नाही.

तळमजल्यावरची एक जागा भाड्याने द्यायची होती, तेव्हा एक तरुण वकील ती बघायला आला. सावंत म्हणून, मावशींच्याच गावाकडचा, कणकवलीचा. बायको, लहान मुलगी, सगळं व्यवस्थित. पण तो अशा खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहतो, असं कोणीतरी शोधून काढलं. मीटिंग बसली. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"ह्या घरात तू आलास तर मी ह्या जिन्यावरून चालू कशी?" त्यांनी त्याला तोंडावर विचारलं. "माझी वहिनी गेली. तिला कोण वकील मिळाला?"

तो पोरगा ऐकून घेत होता. म्हणाला, "काकी, तुमच्या वहिनीच्या बाजूने अख्खं सरकार उभं आहे, आणि ते बरोबरच आहे. ज्याने केलं त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण त्यानेच केलं, हे आधी ठरायला तर पाहिजे ना."

"मी हात लावला त्याला. अजून काय ठरायचं?"

जागा त्याला मिळाली नाही. तो गेल्यावर मावशी बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "पोरगा उद्धट नव्हता." एवढंच.

त्यानंतर वर्षभराने खटला सुरू झाला आणि मावशींना साक्षीचं समन्स आलं. त्याच सुमारास एका दुपारी मी स्कूटरवरून आले ती तोंडाला स्कार्फ तसाच ठेवून त्यांच्याकडे शिरले. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

मी हसत स्कार्फ काढला. "काय हो मावशी. रोजची मी तुम्हाला ओळखू येत नाही, कोर्टात त्याला कसं ओळखणार?"

मला एवढंच बोलायचं होतं. त्यात काही आत दडलेलं नव्हतं. पण मावशी हसल्या नाहीत. कापायला घेतलेलं कापड त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि "चहा नंतर करूया" म्हणाल्या. मी घरी आले. माझ्या त्या वाक्याकडे मी नंतर अनेकदा परत गेले आहे. मी ते बोलले नसते तर त्यांचं उरलेलं आयुष्य सुखात गेलं असतं. आणि दुसऱ्या एका माणसाचं काय झालं असतं, ते मला माहीत नाही.

काही दिवस मशीनचा आवाज बंद होता. मग त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं.

"तुला एक सांगते. हसू नको." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "तो रसवंतीतला मला दिसतो ना, रोज दिसतो, तो माझ्याकडे सरळ बघत असतो. 'हां काकी' म्हणतो ते मला ऐकू येतं. पण तोंड हलतच नाही गो त्याचं."

मला कळलं नाही.

"आणि त्याच्या मागे निळं असतं. रसवंतीत निळं काहीच नव्हतं. हिरव्या चटया लावलेल्या होत्या." त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. "हॉस्पिटलात होते तेव्हा एक साहेब आलेला. चांगला होता बिचारा, माझ्यासाठी शहाळं आणलेलं. त्याने फोटो दाखवला. म्हणाला, मावशी, नीट बघा, हाच ना? त्या फोटोत मागे निळं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असेल. तो म्हणाला, असेल नको, आठवून सांगा. दोन-तीनदा येऊन दाखवला. मग तुरुंगात नेलं. रांगेत बघितलं तर फोटोतला उभा होता. मी हात लावला." त्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. "तू विचारशील, इतकी वर्षं कळलं कसं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. सुलभा रस नको म्हणत होती. तिला घसा धरलेला. मीच हाताला धरून बसवली तिला, चल गो, दोन मिनिटं. हॉस्पिटलात रात्र रात्र तेच डोक्यात. त्याच्या खांद्याला हात लावून आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली."

साक्षीच्या आधी पोलिसांनी त्यांना त्यांचा जुना जबाब वाचून दाखवण्यासाठी बोलावलं होतं. मी सोबत गेले. आता नवीन अधिकारी होते. मावशींनी त्यांना सरळ सांगितलं, "साहेब, मला खात्री वाटत नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्ची पुढे ओढून घेतली आणि म्हणाले, "मावशी, इतक्या वर्षांनी कोणालाही असं वाटतं. म्हणूनच तेव्हाचं लिहून ठेवलेलं असतं. तेव्हा जे सांगितलंत तेच सांगा. आणि सगळं तुमच्या एकटीवर नाही, बाकी पुरावा आहे."

"बाकी पुरावा आहे, तर मग मी कशाला?"

"कारण त्याला तिथे बघितलेलं माणूस तुम्हीच आहात." त्यांनी फाईल मिटली. "आणि मेलेल्यांच्या बाजूने बोलणारंही."

हे शेवटचं त्यांना लागलं. रिक्षात त्या पदराने सारखं नाक पुसत होत्या. संध्याकाळी त्यांनी घाटकोपरला भावाला फोन केला. मोहनमामा, सुलभाचा नवरा. तासाभरात तो येऊन दारात उभा राहिला. पोस्टातून निवृत्त झालेला, हळू बोलणारा माणूस. त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तुका कोणी शिकवल्यान ह्या?" तो म्हणत होता. "कोण भेटाक इल्लो?"

"कोण नाय रे."

"मग आताच कशी शंका इली? सुलभा तुझ्यावांगडा गेल्ली. तुझ्याबरोबर. इसारलंस?"

"इसारले नाय म्हणानच सांगतंय."

"तो सुटलो तर मी तुका भयण म्हणूचंय नाय."

मावशींनी त्याच्यासाठी चहा टाकला होता. तो न पिता गेला.

साक्षीच्या दिवशी त्यांनी राखाडी रंगाची सुती साडी नेसली होती. मी मागच्या बाकावर बसले, मोहनमामा माझ्या पुढे. मावशींनी शपथ घेतली आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं. काय घेतलं, कुठे बसलो, पिशवी कशी होती, तो काय बोलला. सरकारी वकील मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, तो इसम आज कोर्टात आहे का?

मावशी आरोपींच्या पिंजऱ्याजवळ गेल्या. आत चौघे उभे होते. त्यांनी एकेकाकडे वेळ घेऊन पाहिलं आणि मागे वळल्या.

"साहेब, तुरुंगात मी ज्याला हात लावला तो ह्यांच्यात असेल. पण रसवंतीत तोच होता का, ते मला सांगता येत नाही. मला आधी फोटो दाखवला होता."

कोर्टात हालचाल झाली. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. "फोटो दाखवला, हे तुम्ही आजवर कधीच सांगितलं नाहीत."

"कोणी विचारलं नाही."

"तुम्हाला कोणी भेटलं? धमकी दिली? काही देऊ केलं?"

"नाही."

जज साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शपथेवर बोलताय. तुमच्या या बोलण्याचा काय परिणाम होऊ शकतो, कल्पना आहे ना?"

"आहे साहेब. माझी वहिनी गेली त्यात." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिच्यासाठी मला हो म्हणायचं होतं. पण मला ते माहीत नाही."

मग सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. मावशींचा उजवा कान चांगला होता. तो शब्द त्यांना नीट ऐकू आला.

"साहेब, मी फितूर नाही," त्या जजना म्हणाल्या.

"तो कायद्यातला शब्द आहे, बाई. मनावर घेऊ नका."

मोहनमामा उठला आणि बाहेर गेला. चालताना त्याचा धक्का लागून माझी पर्स खाली पडली, ते त्याला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच शब्द मोठ्या अक्षरांत होता. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नाव न घेता लिहिलं, किती मिळाले असतील? त्याखाली हसरे चेहरे आले. मी काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी फोन ठेवून दिला. ब्लाऊज टाकणाऱ्या बायका हळूहळू सेक्टरच्या टोकाच्या टेलरकडे जाऊ लागल्या. कोणी भांडलं नाही. दिवाळीत त्यांच्या दाराशी फराळाची ताटं कमी आली, इतकंच. आरोपींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेचे लोक मात्र शाल-श्रीफळ घेऊन आले, मावशींचा सत्कार करायचा म्हणाले. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "शाल कसली घालता? माझ्यामुळेच आत आहे तो." ते शाल परत घेऊन गेले.

निकाल बऱ्याच काळाने लागला. दोघांना जन्मठेप झाली. इर्शाद आणि आणखी एक जण पुराव्याअभावी सुटले. त्या दिवशी मावशी माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

"सुटला म्हणजे तो नव्हताच, असं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, तसं नाही."

"आणि होता, असं पण नाही."

"नाही."

"मग मी काय करायचं गो?"

काही आठवड्यांनी त्यांनी सावंत वकिलाचा नंबर मिळवला. इर्शादचा वकील त्याच्या ओळखीचा निघाला. इर्शादने निरोप पाठवला, या, पण दुकानावर या, घरी अम्मी आहे. जोगेश्वरीला एका बोळात मेव्हण्याच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात तो बसत होता. केस पिकलेले, अंगाने किरकोळ. मावशींनी अर्थातच ओळखलं नाही. त्यानेच ओळखलं.

"बसा काकी," तो म्हणाला. मराठी स्वच्छ होती. "जेलमध्ये पक्की झाली," त्याने मला सांगितलं.

मावशींनी हात जोडले. तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "असं नका करू. तुम्ही हात लावला तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आता कॉलेजला जाते. समोर बसली की काय बोलायचं मला सुचत नाही, तिलाही सुचत नाही. तुम्ही माफी मागाल, मी ठीक आहे म्हणेन, तुम्ही घरी जाल. मग पुढे?"

"माफी मागायला तोंड नाही मला. तू चार शिव्या घालशील म्हणून आले."

"नाही जमत." त्याने समोरचा उघडा मिक्सर बाजूला सरकवला. "सुलभा मोहन परब. बरोबर ना? तुमची वहिनी. कागद वाचून वाचून सगळ्यांची नावं पाठ झाली. मी ह्यांना मारलं, असं रोज कोणीतरी मला सांगायचं. माझ्या मामांची नावं विसरलो मी, ही नाही विसरलो."

मावशी रडल्या नाहीत. त्याने चहा मागवला, आम्ही प्यायलो. निघताना तो उठून उभा राहिला.

रिक्षा हायवेला लागल्यावर मावशी म्हणाल्या, "मला शिक्षा व्हायला पाहिजे."

"असं काय बोलता?"

"तो मुलीबद्दल सांगत होता ना, तेव्हा मी काय करत होते, माहीत आहे? आवाज ऐकत होते. 'हां काकी' असाच वाटतो का, बघत होते. हात जोडून पण मी त्याचा आवाजच तपासत होते गो." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आणि ते पण कळलं नाही."

त्यानंतर मावशींची तब्येत खालावली. मुलीने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, मला घाटकोपरला सोड. साक्षीनंतर मोहनमामाने फोन उचलला नव्हता, भाऊबीजेला आला नव्हता.

आम्ही त्याच्या बिल्डिंगखाली वॉचमनच्या केबिनजवळ थांबलो. वॉचमनने त्यांना खुर्ची दिली. वर फोन लावायला त्यांनी मला मनाई केली. बऱ्याच वेळाने मोहनमामाच भाजीची पिशवी घेऊन गेटातून आला. बहिणीला बघून थबकला. मग तिच्या बाजूने आत गेला आणि लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

"चला मावशी," मी म्हटलं.

"थांब जरा."

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. वॉचमनने ऐकलं आणि म्हणाला, "आजी, वर बोलावलंय. एकट्यांना."

मावशी लगेच उठल्या नाहीत. "काय सांगू त्याला?"

"तो विचारेल ते सांगा."

"तिला मी बसवली, हे त्याला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "रस मीच घेऊया म्हटलं, हे मी पोलिसांना सांगितलं नाही, कोर्टात सांगितलं नाही, त्याला पण नाही."

त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि लिफ्टकडे न जाता जिन्याकडे वळल्या. कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या. पहिल्या वळणावर दम खायला थांबल्या, वर बघितलं आणि पुन्हा चढू लागल्या.

रात्री त्यांना मुलीने तिथूनच परस्पर पुण्याला नेलं. वर काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही, आणि पुढे विचारायला त्या राहिल्या नाहीत.